प्रयागबाईची ढलपी

आमच्या घरी गॅस आला १९८२ साली. त्याआधीची सोळा वर्षं माझा सगळा स्वयंपाक, होळीच्या पुरणासकट, प्रयागबाईनं आणून दिलेल्या भुशावर झाला. म्हणून तिच्याबद्दल लिहायचं तर शेगडीपासूनच सुरुवात करते.

भुशाची शेगडी आता पोरींना समजावून सांगावी लागते. पत्र्याचा डबा घ्यायचा, त्याला खालच्या बाजूला एक भोक. मधोमध बाटली उभी धरायची, भोकातून एक दांडकं आत सारायचं आणि सभोवती लाकडाचा भुसा दाबून दाबून भरायचा. मग बाटली आणि दांडकं अलगद काढून घेतलं की आत बोगदा राहतो. खालून पेटवलं की तीन तास आच पुरते, धूर होत नाही. मात्र भुसा चांगला पाहिजे. तो चांगला कसा ओळखायचा हे मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळे की जुन्या मंगळवारीतल्या आमच्या गल्लीत सकाळी सातला एक ठेंगणी बाई डोक्यावर पोतं घेऊन येते आणि दारात उभी राहून, हाक न मारता, कडी दोनदा वाजवते.

एकदा पावसाळ्यानंतर माझी शेगडी धरेचना. पेटवलं की आतल्या आत धुमसायची, तवा काही तापायचा नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला दोन शब्द बोललेच. ती रागावली नाही. डब्यातला चिमूटभर भुसा तिनं बोटांत चोळला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "हा मेलेल्या लाकडाचा हाय, बाई. चांगल्याचा हाताले टोचते. हा पाहा, पिठासारखा." तिनं तो सगळा भुसा परत भरून नेला आणि दुपारी दुसरा आणून दिला. तो खरोखर टोचत होता, त्याला सागाच्या तेलाचा वास होता.

त्या दिवसापासून ती माझ्या ओट्यावर थोडी टेकू लागली. मी चहा द्यायची, ती बशीत ओतून प्यायची. तिचं थोडंथोडं मला कळलं ते असं, वर्षानुवर्षं, बशीबशीनं.

तिचा नवरा लहानू लकडगंजात आऱ्यावर, म्हणजे लाकूड कापायच्या वखारीत, कामाला होता. मशीन सगळीकडे नव्हती तेव्हाची ही गोष्ट. ओंडका उंच लाकडी घोडीवर चढवायचा, एक माणूस वर उभा, एक खाली, आणि मध्ये लांब करवत. लहानू वरचा. एक दिवस ओंडका कापून झाला आणि त्यानं खाली उतरायला घोडीच्या आडव्या लाकडावर जरा उडी घेतली. त्याच लाकडावर तो सकाळपासून उभा होता, ओंडक्याचं वजनही त्यावरच होतं. उडी घेतली आणि ते मोडलं. अर्धा ओंडका त्याच्या अंगावर आला. साल सत्तावन्न. मुलगा मनोहर तेव्हा सहा वर्षांचा होता.

लोक म्हणाले, नशीब. मालक म्हणाला, लाकूड तर चांगलं ऐनाचं होतं, काळंभोर, कुठं भेग नाही.  तेरावं झाल्यावर प्रयागबाई आऱ्यावर गेली आणि मोडलेल्या लाकडाचा वीतभर तुकडा मागून घेऊन आली. तिला एकच गोष्ट कळत नव्हती. चुलीसाठी तिनं जन्मभर लाकडं मोडली होती. लाकूड मोडताना फाटतं, त्याचे धागे निघतात, नारळाच्या शेंडीसारखे, एक टोक दुसऱ्याला सोडायला तयार नसतं. हे लाकूड मात्र गाजर मोडावं तसं मोडलं होतं. सपाट.

आऱ्यावर गणपतराव नावाचे म्हातारे मिस्त्री होते. मालकानं तिला भुसा झाडायचं काम दिलं आणि भुसा विकायची मुभा दिली तेव्हा तिनं तो तुकडा गणपतरावांना दाखवला. ते म्हणाले, बुरशी लागलेली होती. मग त्यांनी तिला ओंडक्यांच्या थप्पीत फिरवून दाखवलं. लाकूड कोरडं ठेवलं तर शंभर वर्षं काही होत नाही. कायम पाण्यात बुडालेलंही टिकतं. पण कधी ओलं कधी सुकं असं राहिलं की बुरशी आत शिरते. जिथं खिळा मारला, भोक पाडलं, जिथं लाकडाचं तोंड उघडं आहे, तिथून. तिचे तंतू डोळ्याला दिसत नाहीत. बाहेर छत्री उगवेपर्यंत आतलं काम होऊन गेलेलं असतं. कुणाकुणाला तर त्या लाकडातल्या बारीक काळ्या रेघा नक्षी वाटतात आणि ते मुद्दाम तेच लाकूड मागतात.

"पण वजन तं होतं त्याले," प्रयागबाईनं विचारलं होतं. "सकाळपासून माणूस उभा होता त्याच्यावर."

त्यावर गणपतराव जे म्हणाले ते तिनं मला निदान दहा वेळा सांगितलं असेल. ते म्हणाले, "सडतं लाकूड ओझं उचलते वं, पोरी. झटका नाही उचलत. त्याची चिवटाई पयले जाते. रंग, वजन, हे सारं मागून."

आणि मग त्यांनी तिला ढलपीची परीक्षा शिकवली. चाकूचं टोक लाकडात रोवायचं आणि थोडी ढलपी उचकटायची. लांब निघाली, करकर आवाज करत निघाली, तर लाकूड जिवंत. जागच्या जागी, आवाज न करता, बिस्किटासारखी तुटली तर मेलेलं, मग वरून कितीही चांगलं दिसो.

झालं. त्यानंतर बाईला तो नादच लागला. कमरेला एक छोटा चाकू असायचा. कुणाच्या दारात गेली की चौकटीची ढलपी, बैलगाडी उभी दिसली की जुवाची ढलपी. माझ्या मोरीच्या चौकटीची तिनं काढली, ती बोटाच्या पेराएवढ्यावर तुटली, आणि ती म्हणाली, औंदा नाही, पण पुढच्या पावसाळ्यात दार खाली बसेल. बसलं. पण सगळ्यांना हे कसं आवडावं? कुणाची नवी खाट, कुणाचं आंदणातलं कपाट. गल्लीतल्या बायका तिला पाहिलं की म्हणायच्या, "प्रयागबाई आली वं, खाटा उचला." ती पण हसायची. मुलगा हसायचा नाही. मनोहर मोठा होऊन गिरणीत लागला होता, त्याचे मित्र घरी यायचे, आणि त्यांच्यासमोर आपली माय लोकांच्या छत्रीच्या लाकडी मुठीसुद्धा नखानं टोकरते याची त्याला लाज वाटायची.

त्र्याहत्तरला त्याचं लग्न झालं. सून पुष्पलता महालातली, मॅट्रिक झालेली, गोड मुलगी. पण तिच्या आईला, भागीरथाबाईंना, भुशाचं घर पटलं नव्हतं. अंथरुणात भुसा, भांड्यात भुसा, पोरीला खोकला होईल. सहा महिन्यांत मनोहरनं महालातच, सासुरवाडीच्या जवळ, खोली घेतली. प्रयागबाई म्हणाली की बरंच झालं, त्याले गिरणी जवळ पडते. नंतर मला जाणवलं की ती पूर्वी अर्धा कप चहा घेऊन उठायची, आता पूर्ण कप घेते आणि बशी रिकामी झाल्यावरही बसून राहते. घरी एकच ताट मांडायचं म्हटलं की भाकरी टाकायचाच कंटाळा येतो, असं एकदा म्हणाली. एकदाच.

चौऱ्याहत्तरच्या चैत्रात तिला नात झाली. बारसं भागीरथाबाईंच्या घरी होतं. प्रयागबाईनं मला सोबत येण्याची विनंती केली. एवढ्या वर्षांत तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. तिनं पांढरं लुगडं नीळ घालून धुतलं होतं, नातीसाठी कुंची शिवली होती, आणि निघताना माझ्यासमोर कमरेचा चाकू काढून माझ्या फडताळात ठेवला. म्हणाली, आज नाही नेत.

भागीरथाबाईंच्या मोठ्या जावेकडे एक पाळणा होता. लाकडी, कोरीव, लाल-हिरवा-पिवळा रंगवलेला. त्याच्यात सतरा लेकरं वाढली आणि सतराच्या सतरा जगली, म्हणून महालात त्याला मान होता. ज्याच्या घरी पहिलं बाळ, तो हा पाळणा मागून नेई. नेताना आणि परत देताना हळदीच्या पाण्यानं धुवायचा, दरवेळी वरून एक नवा रंगाचा हात द्यायचा आणि पोत्यात गुंडाळून माडीवर ठेवायचा. जुना रंग कुणी कधी खरवडला नाही. देवाला शेंदूर चढवतात तसा थरावर थर चढत गेला होता. पाळण्याच्या वर एक जाड आडवी दांडी होती, तिच्यात कड्या बसवलेल्या, कड्यांतून पितळी साखळ्या, आणि साखळ्यांना पाळणा.

आम्ही पोचलो तेव्हा पाळणा ओसरीवर आणून ठेवलेला होता, टांगायचा होता. प्रयागबाईला ओसरीवरच बसायला दिलं. विधवा बाईनं पाळण्यापाशी येऊ नये ही रीत तिला सांगावी लागली नाही, ती स्वतःच भिंतीला टेकून बसली. पण पाळणा तिच्या हाताशीच होता. मी पाहिलं, तिची नजर दांडीवरच्या कड्यांच्या भोकांवर गेली. मग तिचा अंगठा गेला. भोकाच्या कडेला तिनं नख दाबलं, आणि नख रंगासकट आत गेलं, लोण्यात जावं तसं.

तिनं हात मागे घेतला आणि पदराखाली लपवला. चेहरा उतरला. थोड्या वेळानं मनोहर टांगायला दोर घेऊन आला तेव्हा तिनं त्याला हळूच सांगितलं की दांडी सडलेली आहे, पोरीले यात नको निजवू. मनोहरनं आधी दाराकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. मग म्हणाला, "माय, आज तरी राहू दे ना वं. तुले हात जोडतो."

 पाळणा आत गेला, टांगला गेला, झेंडूच्या माळा लागल्या. मी आत बायकांत बसले. बारशाला आधी वरवंट्याला टोपडं घालून बाळासारखं सजवतात, पाळण्याखालून-वरून फिरवतात, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणतात आणि मग तो पाळण्यात ठेवतात. त्याच्यानंतर बाळ. भागीरथाबाईंनी वरवंटा पाळण्यात ठेवला. पाळणा जरासा खाली आला, साखळ्या ताठ झाल्या. काही झालं नाही.

तेवढ्यात प्रयागबाई दारात येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या बाहेरच. म्हणाली, "इहीणबाई, पोरीले ठेवायच्या आधी एकडाव जोरानं झोका द्या. वरवंट्यालेच द्या."

सगळ्या बायका वळल्या. भागीरथाबाईंना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्या म्हणाल्या की वरवंटा पाच शेराचा, पोरगी त्याहून हलकी, आणि वरवंटा तर बसला आहे की डोळ्यासमोर. तिची ख्याती महालातही पोचली होती; कुणीतरी मागून म्हणालं, खाटा उचला. हसणं झालं. प्रयागबाई म्हणाली, "बसलेलं वजन तं ते झेलतेच ना. माह्या माणसाचंही झेललं होतं संध्याकाळवरी."

बारशाच्या घरात मेलेल्या माणसाचं नाव निघालं.  भागीरथाबाई माझ्याकडे वळल्या. मी शिकलेली, हळदीकुंकवाची बाई. "तुमीच सांगा यायले, असं बोलावं का?" मी काय केलं ते लिहिते, कारण लिहायला बसले आहे तर हेही लिहिलं पाहिजे. मी मान खाली घातली आणि हातातल्या घुगऱ्या निवडू लागले. प्रयागबाईनं माझ्या चौकटीचं भविष्य सांगितलं होतं, ते खरं झालं होतं, नखही मी पाहिलं होतं. तरी.

पुष्पलतानं बाळाला उचललं. तिच्या चेहऱ्यावर गोंधळ होता. तिनं सासूकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि पाळण्याकडे निघाली.

प्रयागबाई उंबरा ओलांडून आत आली. बायकांनी पदर सावरत वाट दिली, कारण तिचा धक्का कुणाला नको होता. ती सरळ पाळण्यापाशी गेली, ओढायची दोरी हातात घेतली आणि एक हिसका दिला. एकच.

दांडी मोडली. मोठा आवाज झाला नाही. ओलं खोकं फुटावं तसा झाला. पाळणा एका बाजूनं खाली गेला, वरवंटा निसटला आणि फरशीवर पडला. फरशीला तडा गेला. टोपडं घरंगळत माझ्या पायाशी आलं.

 बाळ आईच्या खांद्यावर झोपलेलंच होतं.

मला वाटलं होतं, आता कुणीतरी प्रयागबाईचा हात धरील. पण सगळ्यांच्या नजरा मोडलेल्या दांडीवर होत्या. सतरा लेकरांचा पाळणा. बारशाचा दिवस, पांढऱ्या कपाळाच्या बाईचा हात लागला आणि पाळणा तुटला. भागीरथाबाई खाली बसल्या आणि रडू लागल्या. एक बाई म्हणाली, एवढ्या जोरानं ओढल्यावर लोखंडाचा पण तुटला असता.  नेहमीच्या हलक्या झोक्यानं तो त्या दिवशी तुटला असता की नाही, की महिन्यानं, की कधीच नाही, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. पोर वाचली असं म्हणायला पोर आधी पडायला हवी होती.

मनोहर पुढे आला. रागानं नाही, थकून बोलला. "चाल माय. तुले रिक्षात बसवून देतो."

नाव मागाहून मांडीवरच ठेवलं, उत्तरा. आम्ही तोपर्यंत रिक्षात होतो. प्रयागबाईनं वाकून दांडीचा एक तुकडा उचलून पदरात घेतला होता, ते कुणी पाहिलं नाही. वाटेत तिनं तो मला दाखवला. वरून सात-आठ रंगांचे थर, आत पांढुरकं लाकूड, त्यात बारीक काळ्या रेघा. मोडलेली जागा सपाट. मी म्हटलं, तू बरोबर होतीस. ती म्हणाली, "तिकडं म्हणाचं होतं, बाई." तेवढंच. परत कधी तो विषय तिनं काढला नाही. घरी आल्यावर माझ्या फडताळातला चाकू घेतला आणि गेली. दुसऱ्या दिवशी सात वाजता कडी दोनदा वाजली.

त्यानंतर तिला नातीकडे कुणी बोलावलं नाही. मनोहर दिवाळीला आणि पोळ्याला येई, एकटा, दहा मिनिटं. भुशानं पोरीला खोकला होईल म्हणून तिला आणत नाही असं सांगे. कुंची त्या दिवशी द्यायची राहून गेली होती. ती तिच्या कोनाड्यात देवांच्या बाजूला घडी घालून ठेवलेली मी पाहिली. तिथंच ते दोन तुकडे होते, लहानूच्या घोडीचा आणि पाळण्याचा. दिवा लावताना ती आधी देवांना हात जोडायची, मग ते तुकडे उचलून खालची धूळ पुसायची. मी विचारलं, हे काहून जपतेस? म्हणाली, दोन्ही एकसारखेच मोडले ना, म्हणून. मला वाटतं तिला रोज एकदा पाहून घ्यावं लागत असे की आपण चुकलो नव्हतो. तसं पाहायला दुसरं कुणी नव्हतं.

मी देवाधर्माची बाई आहे. देव ज्याच्याकडून काम करून घेतो त्याला बक्षीस देतोच असं नाही, हे मला पोथीतून नाही, तिच्या कोनाड्यावरून समजलं.

सत्त्याहत्तरच्या श्रावणात मी एका सोमवारी महालात देवळात गेले होते. पुष्पलता भेटली. तिचे दिवस भरत आले होते. इकडचं तिकडचं बोललो. निघताना तिनं आजूबाजूला पाहिलं आणि पिशवीतून वर्तमानपत्राची एक पुडी काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, आत्याबाईले देजा. सासूला ती आत्याबाई म्हणायची. आमच्या खोलीच्या मधल्या तुळईची हाय. पाळणा नाही आणत आमी, लुगड्याची झोळी बांधतो.  पायऱ्या उतरून गेली.

घरी येऊन मी पुडी प्रयागबाईला दिली. आत एक ढलपी होती. विळीनं काढलेली असावी, वेडीवाकडी, वीतभर लांब.

प्रयागबाईनं ती उजेडात धरली. हुंगली. मग ओट्यावर बसून दोन्ही हातांत धरून वाकवली. ती वाकत गेली, वाकत गेली, आणि मग करकरत फाटली. तुटून वेगळी झाली नाही, दोन धाग्यांनी जोडलेली राहिली. प्रयागबाईनं ती तशीच वाकवून मला दाखवली. "बिजाच्या झाडाचं हाय. धड हाय. निरोप देजा तिले, बांध म्हणा. पण वरून छपराच्या कवेलूतून पाणी गळत असन तं ते आधी बंद कर म्हणा."

मी निरोप दिला. भाद्रपदात मुलगा झाला. बारशाच्या दिवशी प्रयागबाई भुसा घेऊन नेहमीच्या वेळी आली. मी म्हटलं, तू इथं? बोलावलं नाही का?

तिनं पोतं खाली ठेवलं, पदरानं मान पुसली.

"बोलावलं नाही, बाई," ती म्हणाली. "पण विचारलं तं."

मग तिनं डबा मागितला आणि भुसा मोजायला बसली. भरताना दर मूठ ती बोटांत चोळून पाहत होती.